कॅला लिली: लागवडीपूर्वी जात ओळखा, मगच पाणी ठरवा

थंडी ओसरून रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागले, की कॅला लिलीचे कंद लावण्यास हरकत नाही. नावात लिली असली तरी ही वनस्पती अळूच्या कुळातील असून तिचे मूळस्थान आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग आहे. आपण जिला पाकळी म्हणतो तो खरे तर नरसाळ्यासारखा गुंडाळलेला महाछद, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारे रंगीत पान होय; खरी फुले मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात आणि ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

लागवडीपूर्वी आपल्याकडील जात कोणती, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मोठ्या पांढऱ्या फुलांची जात मूळची ओलसर, पाणथळ जागांची असल्याने तिला सतत ओलावा मानवतो, अगदी तळ्याच्या काठीही ती सुखाने वाढते. पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांच्या संकरित जातींचे तसे नाही. त्यांचा चपटा कंद साचलेल्या पाण्यात काही दिवसांतच कुजतो. पांढऱ्या जातीसाठी लिहिलेला सल्ला रंगीत जातीला लावल्यामुळेच घरगुती लागवडीतील बरेच कंद वाया जातात, असे आमचे मत आहे.

कंद घेताना अंगठ्याने दाबून पाहावा. तो घट्ट लागला पाहिजे. मऊ पडलेला, ओलसर डागाचा किंवा वास येणारा कंद स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. रंगीत जातींसाठी तळाला भोके असलेली, किमान २० सेंटिमीटर खोल कुंडी निवडून त्यात माती, कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा पेरलाइट यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. कंदाची गुळगुळीत बाजू खाली व डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटण्याच्या उंचवट्यांची बाजू वर ठेवून त्यावर ५ ते ७ सेंटिमीटर माती येईल अशा बेताने तो लावावा. डोळे ओळखता येत नसतील तर कंद आडवा ठेवावा, कोंब आपली वाट शोधतो. सुरुवातीला एकदाच पाणी देऊन कोंब दिसेपर्यंत माती केवळ दमट राखावी, कारण मुळे फुटण्याआधी दिलेले जास्तीचे पाणी कंदाला शोषता येत नाही.

झाडाला सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली मिळेल अशी जागा द्यावी. पाने पसरल्यावर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली, की पाणी द्यावे. पहाटे पानांच्या टोकांवर थेंब लोंबताना दिसले तर घाबरू नये. मुळांनी ओढलेले जादा पाणी झाड त्या वाटेने बाहेर टाकत असते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने भरघोस येतात, परंतु फुले रुसतात, म्हणून कळ्यांच्या सुमारास पालाशाचे (पोटॅशचे) प्रमाण अधिक असलेले खत सौम्य करून द्यावे.

पानांचे देठ जमिनीलगत मऊ पडून लोळू लागले आणि दुर्गंधी आली, तर ती कंदाची मऊ कूज समजावी. हा रोग जिवाणूजन्य असल्याने बुरशीनाशक ओतून उपयोग होत नाही. रोगट कंद मातीसह काढून टाकावा, सुरी निर्जंतुक करावी आणि ती कुंडी धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. झाडाच्या रसातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे त्वचेला व तोंडाला आग होते, त्यामुळे फुले कापताना हातमोजे घालावेत आणि कुंडी लहान मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावी.

बहर संपल्यावर रंगीत जातींची पाने पिवळी पडू लागतात. ही विश्रांतीची खूण असूनही पुष्कळ जण झाड तहानले आहे असे समजून पाणी वाढवतात आणि कंद नेमका तेव्हाच गमावतात. पाणी हळूहळू कमी करावे, पाने पूर्ण वाळू द्यावीत, मग कंद काढून काही दिवस सावलीत सुकवावेत आणि कोरड्या कोकोपीटमध्ये, हवा खेळेल अशा कागदी पिशवीत थंड जागी दोन-तीन महिने ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ते ठेवू नयेत.