रुमाल सोडण्याआधी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माळ्यावरचं जुन्या कागदपत्रांचं एक दप्तर यादी करायला माझ्याकडे आलं, आणि पहिल्याच दिवशी मी त्याचं नुकसान केलं. ते बांधलेला खारव्याचा, म्हणजे जाड कापडाचा, रुमाल सोडला आणि तासाभरात फोटो एकीकडे, पत्रं दुसरीकडे, जमाखर्चाचे कागद तिसरीकडे अशा चळती लावून मोकळी झाले. नंतर पागोटं घातलेल्या एका गृहस्थाचं नाव शोधू लागले तेव्हा लक्षात आलं, की हा फोटो एका लखोट्यात होता आणि लखोट्यावर नाव होतं. पण असे लखोटे नऊ, आणि कोणता फोटो कशातला हे आता कोण सांगणार? नोंदीत तो गृहस्थ आजही ‘अनोळखी पुरुष’ आहे.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्याला मी आधी हेच सांगते: रुमाल सोडताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा, वरून खाली क्रमांक द्या, मगच कागद हलवा. कागद कशाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच आहे. विषयवार लावणी यादीत करता येते, त्यासाठी कागद उचलायची गरज नाही.

क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने, मागे कोपऱ्यात, दाब न देता. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो कडेने धरायचा. कागदाला स्वच्छ, कोरडे हात पुरतात.

खरा वेळ जातो तो तारखांत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. एका फोटोमागे ‘शके १८४९, फाल्गुन’ होतं, मी १९२७ लिहिलं. चूक. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे, म्हणजे तो फोटो १९२८चा. जुन्या मोडी कागदांत ‘सबा सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत आकडे येतात: सात, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६७. हे वर्ष शुहूर सनाचं. ते मृगापासून सुरू होतं, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६६-६७. तेव्हा मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि आपलं गणित शेजारच्या रकान्यात लिहा. गणित चुकलं तरी मूळ शाबूत राहतं. मोडी येत नसेल तर शिका. पुराभिलेख खातं वर्ग घेतं, आणि रोज एक पान वाचलं की हात बसतो.

तारीख नसलेल्या फोटोत मागचा शिक्का बघा. स्टुडिओच्या पत्त्यात पिनकोड असेल तर ती प्रत १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला आला. मात्र प्रत नवी म्हणजे फोटो नवा, असं नाही.

आणखी दोन रकाने मी कधीच एकत्र करू देत नाही: ‘दिसतं ते’ आणि ‘सांगितलं ते’. गेल्या महिन्यात एक आजी आल्या. विहिरीवरच्या बायकांच्या फोटोवर बोट न टेकवता, वरच्यावर फिरवत म्हणाल्या, “ही आमची माई. कळशी डाव्या कमरेवर घ्यायची, बघ.” पहिल्या रकान्यात लिहिलं: चार स्त्रिया, एकीच्या डाव्या कमरेवर कळशी. दुसऱ्यात आजींचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह. आजींची धाकटी बहीण शेजारच्या गावी असते. फोटोची प्रत घेऊन तिच्याकडे जायचंय, अजून तीन बायका राहिल्यात.