मिरगाआधी सशाच्या ट्रेची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी त्याच्या लघवीच्या जागेची व्यवस्था मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, नव्याने लावून घ्यावी. उन्हाळ्यात एखादा दिवस न बदललेला ट्रे घरात वास सोडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. पावसाळ्यात मात्र तो वाळतच नाही, त्यावर बसणाऱ्या सशाची शेपटीखालची आणि मागच्या पायांच्या आतली लव सतत ओली राहते, लघवीने कातडी लाल होऊन सोलवटते आणि त्या वासावर हिरव्या-निळ्या माश्या येऊन अंडी घालतात. ही अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी पोखरू लागतात. पुढची सगळी तयारी हा शेवटचा प्रकार टाळण्यासाठी आहे.

सर्वात आधी पशुवैद्याची चौकशी करून ठेवावी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात, त्यामुळे ससा तपासण्याची सवय असलेला डॉक्टर बेळगावात किंवा कोल्हापुरात कोण आहे, हे गरज पडण्याच्या आधीच फोन करून विचारावे. ससा चार ते सहा महिन्यांचा होऊन वयात आला की नर भिंतीवर, माणसांच्या पायांवर, दुसऱ्या सशावरसुद्धा लघवीची चिळकांडी मारतो. मादीही कमी-अधिक प्रमाणात असे करते. ही हद्द आखण्याची वृत्ती असल्याने ट्रे कितीही चांगला आणला तरी तिच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, नसबंदीने मात्र ती बरीच कमी होते. शस्त्रक्रियेनंतर शरीरातील संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात, म्हणून ती एप्रिल-मे महिन्यात उरकलेली बरी. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी त्याला कुत्र्या-मांजरासारखे उपाशी ठेवण्याची गरज नसते. कोणी तसे सांगितल्यास पुन्हा नीट विचारून घ्यावे.

त्यानंतर ट्रे. पिंजऱ्यासोबत मिळणारा कोपऱ्यातला तिकोनी डबा बहुतेक सशांना अपुरा पडतो. ससा पाय पसरून बसू शकेल आणि आतल्या आत वळू शकेल एवढा लांब-रुंद प्लॅस्टिकचा टब किंवा भाजी बाजारातला तळबंद क्रेट घ्यावा. शेपूट उंच करून लघवी करणाऱ्या सशासाठी मागची भिंत उंच असावी, तर म्हाताऱ्या किंवा सांधे आखडलेल्या सशासाठी पुढची कड कापून सखल करावी आणि कापलेली धार घासून बोथट करावी. अनेक ससे ट्रेच्या काठावरून बाहेर लघवी करतात याचे कारण बहुधा ट्रेचे माप असते आणि मालक मात्र सशाच्या स्वभावाला दोष देत बसतो. ट्रे कुठे ठेवायचा हे सशालाच ठरवू द्यावे. तो ज्या कोपऱ्यात वारंवार लघवी करतो, तिथेच ट्रे ठेवला तर अर्धे काम होते. सुरुवातीला मोकळी जागा थोडी ठेवावी, लघवीने भिजलेला कागद आणि थोड्या लेंड्या ट्रेत टाकाव्यात, आणि सवय पक्की झाली की जागा हळूहळू वाढवावी. इकडेतिकडे पडलेल्या चार कोरड्या लेंड्यांबद्दल फार मनाला लावून घेऊ नये. अंथरुणावर, सोफ्यावर आणि विशेषतः वाकळीवर मुतण्याचा मोह सशाला होतोच, कारण मऊ आणि शोषणारी जागा त्याला सोयीची वाटते. सवय बसेपर्यंत वाकळ उचलून ठेवणे एवढाच त्यावर इलाज आहे. जाळीच्या तळाचे पिंजरे मला कोणत्याच ऋतूत पटत नाहीत: लघवी खाली गळते हे खरे, पण सशाच्या तळव्यांना गादी नसते, फक्त केस असतात, आणि ओल्या तारेवर त्यांना जखमा होतात.

ट्रेत घालायचे साहित्य पावसाच्या आधी, कोरडे असतानाच साठवावे. तळाशी रद्दीचे जाड थर, त्यावर कागदाच्या गोळ्या आणि वर वाळलेले गवत ही मांडणी पुरेशी आहे. गुळगुळीत रंगीत मासिकांची पाने शोषत नाहीत, ती वगळावीत. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये, कारण त्याची धूळ सशाच्या नाकात जाते, आणि देवदार किंवा पाइनच्या ताज्या भुशातील उग्र वासाची द्रव्ये त्याच्या यकृताला त्रास देतात. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती तर अजिबात नको. ससा ती चघळतो आणि ती पोटात घट्ट होते. खानापूरकडे भाताचे पिंजर सहज मिळते, ते बसायच्या जागी अंथरायला चांगले, पण त्याला बुरशीचा वास येऊ लागला की सगळी गंजी टाकून द्यावी. निपाणी भागातल्या वाचकांसाठी वेगळे सांगायला हवे: तंबाखूच्या वखारीतून आलेली गोणपाटे कितीही झटकली तरी सशाखाली घालू नयेत, कारण निकोटिन विषारी आहे आणि ससा अंथरलेले सगळे कुरतडून पाहतो.

गवताची पेंढी ट्रेच्या एका टोकाला, लघवीने भिजणार नाही अशी बांधावी. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे गवतामुळेच तो ट्रेत टिकून बसतो. जनावरांसाठी मिळणारी लसूणघास मोठ्या सशाला रोज घालू नये. तिच्यात कॅल्शियम फार असते आणि ससा जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. म्हणून त्याची लघवी एरवीही थोडी गढूळ, पांढुरकी दिसते आणि वाळल्यावर खडूसारखा थर सोडते. पिवळी, नारिंगी, अगदी विटकरी लघवीही खाण्यातील वनस्पतींच्या रंगद्रव्यांमुळे होऊ शकते. मात्र लघवीत रक्ताच्या गुठळ्या किंवा रेघा दिसल्या, ती दाट लापशीसारखी येऊ लागली किंवा ससा कुंथत बसून थेंब थेंब टाकू लागला, तर ट्रेची चिंता सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नसबंदी न झालेल्या मध्यम वयाच्या मादीच्या लघवीत रक्त दिसले तर गर्भाशयाच्या कर्करोगाचीही शक्यता तपासून घ्यावी लागते. पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड वाडग्यात द्यावे. वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात आणि मूत्राशयात गाळ साचण्याचा धोका कमी होतो.

स्वच्छतेच्या सामानात पांढरे व्हिनेगर हवेच, कारण ट्रेला धरलेला कॅल्शियमचा थर साबणाने निघत नाही. व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवले की तो सुटतो. फिनेल वापरू नये. पावसाळ्यात घरोघरी येणारी ब्लीचिंग पावडर लघवीच्या ट्रेवर टाकू नये, कारण लघवीतील अमोनियाशी तिचा संयोग होऊन घशाला झोंबणारा वायू तयार होतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आल्यास होणारा क्लोरीन वायू त्याहून वाईट. दोन ट्रे असावेत म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा वापरात राहतो, आणि जुलैत ही गोष्ट चैनीची राहत नाही. भिजलेला कागद रोज काढावा; लेंड्या परसातल्या केळीला किंवा कर्दळीला कुजवल्याशिवायही चालतात.

जून ते सप्टेंबर रोज सकाळ-संध्याकाळ सशाला हळूच उचलून, पाठीला आधार देऊन, शेपटीखालची जागा पाहावी. तिथे मऊ, चिकट लेंड्या अडकलेल्या असतील तर त्या ससा एरवी स्वतः खाऊन टाकतो हे लक्षात घेऊन, त्याला वजन वाढल्यामुळे तिथवर तोंड नेता येत नाही का, की दातांचे किंवा सांध्यांचे दुखणे आहे, हे तपासावे. सगळ्या सशाला आंघोळ घालू नये; तो घाबरतो आणि गारठतो. घाण झालेला भागच कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. माशीची अंडी किंवा अळी एक जरी दिसली तरी तातडी समजावी, आणि कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरचे फिप्रोनिल नावाचे औषध घरच्या घरी लावू नये, ते सशाला घातक ठरते.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते किंवा घरचे लोक गावी जातात. त्या दिवसांत ट्रे कोण बदलणार हे आधी ठरवून, साहित्य, व्हिनेगर, डॉक्टरांचा फोन क्रमांक आणि कामाची वेळ एका कागदावर लिहून ट्रेजवळ लावावी. काम करणाऱ्या बाईंना कन्नड वाचणे सोपे जात असेल तर तो कागद कन्नडमध्येही लिहून घ्यावा.