'सर अर्जंट' बंद करायचंय? मदतीच्या ग्रुपचे नियम असे लिहा

कॉम्प्युटर-मोबाईलच्या अडचणी सोडवायचा ग्रुप चालवणाऱ्या प्रत्येक ॲडमिनची एकच तक्रार असते, लोक नियम वाचत नाहीत. बरोबर आहे, वाचत नाहीत आणि पुढेही वाचणार नाहीत, कारण विचारणाऱ्याचं बिलिंग बंद पडलेलं असतं, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं आणि सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात उभ्या उभ्या तो एका अंगठ्याने टाइप करत असतो. त्याला तुमचे वीस कलमी नियम वाचायला कुठला वेळ. तेव्हा "कृपया नियम वाचा" हे अजून ठळक करून, त्यापुढे तीन लाल बोटं लावून काही होत नाही. नियमच वेगळे लिहायला लागतात. ग्रुप आधीच चालू आहे, दोन-तीन ॲडमिन आहेत आणि जुने नियम कुठंतरी वर गाडले गेलेत, एवढं धरून पुढचं सांगतो.

१. जुने प्रश्न वाचा

मागच्या महिन्याभरातले प्रश्न वर सरकवत जा आणि प्रत्येकाखाली पहिलं उत्तर काय आलंय तेवढंच बघा. पहिलं उत्तर म्हणजे उलटा प्रश्नच असेल ("विंडोज कुठलं?", "एरर काय येतोय?", "वायफाय की केबल?") तर तो कागदावर लिहा, परत आला की त्याच्यापुढे रेघ मारा. जास्त रेघांचे जे चार-पाच प्रश्न निघतील ते तुमचे नियम. दुसऱ्या ग्रुपचे नियम उचलून चिकटवू नका. प्रोग्रामर लोकांच्या साइटवर "कोडचा छोटा नमुना द्या" लिहिलेलं असतं ते तिथं ठीक आहे, आपल्याकडे टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), प्रिंटर, मराठी फॉन्ट आणि हजेरीचं बोटाचं मशीन हेच येतं.

२. बाकीचं छाटा

गुड मॉर्निंग, जाहिरात, राजकारण बंद. एक ओळ, संपलं.

३. "काय सांगायचं" हा नियम

सगळी गोम इथं आहे आणि बरेच ग्रुप इथंच आपटतात. मलाही सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते याच ठिकाणी. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, "आपली अडचण सविस्तर व संपूर्ण माहितीसह मांडावी." ही ओळ काढून टाका, आजच. सविस्तर म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला या नियमाची गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो "सर प्रिंटर चालंना, खूप अर्जंट आहे, सकाळपासून बंद आहे, मालक ओरडायलेत" असं लिहितो आणि त्याच्या हिशोबाने ते सविस्तरच असतं!

दुसरी भानगड याच्याहून अवघड. लोक काय दिसतंय ते सांगत नाहीत, आपण काढलेलं निदान सांगतात आणि त्यावरचं औषध मागतात. नेहमीचा प्रकार बघा, "वर्डची फाइल करप्ट झालीय, चांगलं रिकव्हरी सॉफ्टवेअर पाठवा." मग उत्साही मंडळी धडाधड रिकव्हरीच्या लिंका टाकतात, त्यातल्या दोन व्हायरसवाल्या असतात, आणि तासाभराने कोणीतरी विचारतं की बाबा, स्क्रीनवर दिसतंय तरी काय? तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल धडधाकट असते. ती श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमधे टाइप केलेली असते आणि या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नसतो. फॉन्ट टाका नाहीतर मजकूर युनिकोडमधे बदलून घ्या, दोन मिनिटांचं काम. माग बंद पडला तर तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरला आपण ताणा तुटतोय का धोटा अडकतोय ते सांगतो, "मोटर बदलून द्या" म्हणत नाही, पण कॉम्प्युटर म्हटलं की तीच माणसं डायरेक्ट मोटर बदलायला निघतात.

यावर "स्वतःचे अंदाज लिहू नयेत" असा नियम करायचा मोह होतो. करू नका. अंदाज लिहायला बंदी घातली की माणूस तोच अंदाज माहिती म्हणून लिहितो, आणि ते जास्त वाईट, कारण मग तो ओळखूच येत नाही. त्यापेक्षा अंदाजाला स्वतःची जागा द्या, पण सगळ्यात शेवटी. नियम म्हणून वाक्य लिहायचंच नाही, रिकाम्या जागा द्यायच्या, भरून पाठव म्हणायचं:

काय करायला गेलो:
स्क्रीनवर काय आलं (जसंच्या तसं किंवा फोटो):
कशावर (मोबाईल का कॉम्प्युटर, विंडोज कुठलं):
शेवटचं नीट कधी चाललं, त्यानंतर नवीन काय झालं (अपडेट, नवीन मशीन, लाईट जाऊन आली, माणूस बदलला):
काय काय करून बघितलं:
मला वाटतं की:

चौथी ओळ एवढी लांब का ते सांगतो. "तुम्ही काही बदल केला का?" असं विचारलं की शंभर टक्के उत्तर "नाही, काहीच नाही". कारण तो प्रश्न चौकशीसारखा वाटतो, माणूस लगेच बचावात जातो. "शेवटचं नीट कधी चाललं" यात कोणावर आरोप नाही, आणि कंसात चार गोष्टी दिसल्या की आठवतं, अरे हो, काल रात्री लाईट दोनदा गेली होती, किंवा नवीन पोरगं कामावर लागलंय त्यानं प्रिंटर दुसऱ्या टेबलावर नेला. कंसातली यादी तुमच्या ग्रुपप्रमाणे बदला, पण काढू नका.

आणि नुसता रिकामा साचा देऊन थांबू नका, त्याच्याखाली भरलेला नमुना पाहिजेच. लोक सूचना वाचत नाहीत पण नमुन्याची नक्कल बरोबर करतात. असा:

काय करायला गेलो: काउंटरच्या कॉम्प्युटरवरून आतल्या ऑफिसमधल्या प्रिंटरवर बिल काढायला.
स्क्रीनवर काय आलं: प्रिंटर जोडता येत नाही असा मेसेज, एरर कोडच्या शेवटी ११बी, फोटो खाली टाकलाय.
कशावर: काउंटरला विंडोज ११, आत विंडोज १०. प्रिंटर आतल्याला यूएसबीने जोडलाय, तिथून प्रिंट येते.
शेवटचं नीट कधी चाललं: शनिवारी. रविवारी आतल्याला अपडेट आलं.
करून बघितलं: दोन्ही बंद करून चालू केले.
मला वाटतं की: काउंटरचा ड्रायव्हर गेला असेल.

यातला शेवटचा अंदाज मुद्दाम चुकीचा ठेवलाय. ड्रायव्हरचा यात काही दोष नाही, तो ११बीवाला एरर नेटवर्कवर शेअर केलेल्या प्रिंटरचा आहे, सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटपासून प्रिंटर शेअरिंगची सुरक्षा कडक झाली तेव्हापासून ऑफिसाऑफिसात भेटतो, आणि जाणकाराला तो कोड आणि "तिथून प्रिंट येते" या दोन गोष्टी दिसल्या की बाकीचं वाचायचीही गरज पडत नाही. अंदाज चुकला तरी उत्तर मिळतं हे नमुन्यातच दिसलं की नवीन माणूस लिहायला घाबरत नाही. एकदम बरोबर, शहाण्यासारखा नमुना टाकाल तर साधा माणूस म्हणेल, हे आपलं काम नाही बाबा, आणि गुपचूप ॲडमिनला खाजगीत मेसेज करेल. खाजगीत आलेल्याला एकच उत्तर, ग्रुपवर टाका. इथं एकदा ढिले पडलात की तुमचा फोन म्हणजे कॉल सेंटर.

भाषेची सक्ती करू नका. सोलापुरात घरात तेलुगू बोलणारा, कन्नड बोलणारा, मराठी बोलणारा सगळे एकाच ग्रुपमधे असतात, कोणी इंग्रजी अक्षरात मराठी लिहितो, कोणी व्हॉइस नोट टाकतो. चालू द्या सगळं. फक्त एररचा मजकूर मात्र स्वतःच्या भाषेत सांगायचा नाही, जसाच्या तसा द्यायचा. "काहीतरी इंग्लिशमधे आलं, मी ओके केलं" याला उत्तर नसतं. एक युक्ती नियमातच टाका: विंडोजचा साधा मेसेज बॉक्स समोर असताना कंट्रोल आणि सी दाबलं की आतला मजकूर कॉपी होतो, हे वर्षानुवर्षं कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. नाहीतर विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबून स्क्रीनशॉट. मोबाईलने काढलेला तिरका फोटोही घ्या, बिलिंगच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप नसतं बऱ्याचदा, फक्त कोड वाचता आला पाहिजे.

४. काय टाकायचं नाही

आधार नंबर, ओटीपी, पासवर्ड, बँकेचे आकडे फोटोत दिसत असतील तर आधी झाका, आणि दुसऱ्याच्या फोटोत दिसले तर ॲडमिनने न विचारता लगेच डिलीट करायचं, नंतर समजवायचं. ॲनीडेस्कसारख्या, लांबून दुसऱ्याची स्क्रीन चालवायच्या ॲपचा नंबर ग्रुपवर कधीच नाही, कोणी मागितला तरी नाही. मदतीच्या नावाखाली स्क्रीन घेऊन खातं साफ करणारे असल्याच ग्रुपमधे फिरतात. कोणाचे पैसे गेलेच तर ग्रुपवर चर्चा करत बसायचं नाही, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. हा नंबर नियमातच लिहून ठेवा.

५. उत्तर देणाऱ्यांनाही नियम

हे कोणी करत नाही आणि मला याचा खरंच राग येतो. सगळी शिस्त विचारणाऱ्याला, आणि सांगणारा उंटावरून शेळ्या हाकणार. तीन गोष्टी पुरतात. "गूगल कर" लिहायचं नाही, गूगल करून दमूनच तो इथं आलाय. "फॉरमॅट मार" हे बॅकअप आहे का विचारल्याशिवाय लिहायचं नाही, टॅलीचा अख्खा वर्षाचा डेटा त्याच ड्राइव्हवर असतो आणि ते नंतर कळतं. तिसरं, रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंगं जिथं असतात तिथं) काही बदलायला सांगणार असाल तर त्याने कुठली सुरक्षा बंद होते तेही लिहायचं. वरच्या ११बीवर रजिस्ट्रीतला एक आकडा शून्य करायचा सल्ला सगळीकडे फिरतो, त्याने प्रिंट येते खरी, पण मायक्रोसॉफ्टने जी सुरक्षा आणली तीच बंद होते, हे मालकाला कळायला नको?

६. लावायचे कुठं

व्हॉट्सॲपवर पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, तेव्हा दर महिन्याच्या एक तारखेला परत पिन करायचं काम एका ॲडमिनच्या गळ्यात बांधा. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. टेलिग्रामवर ही कटकट नाही. साचा आणि नमुना वेगवेगळ्या मेसेजमधे टाका, म्हणजे साचा दाबून धरला की तेवढाच कॉपी होतो.

७. पाळायला लावायचे कसे

अर्धवट प्रश्न आला की रागवायचं नाही, डिलीट करायचं नाही, "नियम वाचा" तर अजिबात नाही. रिकामा साचा त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून टाकायचा, खाली "एवढं भरा, लगेच बघतो". आणि भरेपर्यंत बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही, हे जाणकारांकडून आधी कबूल करून घ्या. खरी अडचण तेच करतात, एखादा हौशी लगेच अंदाज पंचे करून उत्तर देतो आणि मग साचा कोण भरतंय.

काम झाल्यावर कशाने झालं ते एका ओळीत विचारणाऱ्याने लिहायचं, सुरुवातीला "सुटलं" हा शब्द टाकून. हा शब्द ठरलेलाच ठेवा, सर्चमधे "सुटलं प्रिंटर" टाकलं की जुनी उत्तरं निघतात.

८. मधे मधे बदला

सहा महिन्यांनी परत रेघा मारायला बसा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे "विंडोज कुठलं" ही ओळ आता सोडून चालत नाही. आणि मार्चपासून जूनपर्यंत "आपोआप बंद पडतंय" वाले प्रश्न वाढले की तिसऱ्या ओळीच्या कंसात "कुठं ठेवलाय" एवढं घाला. अक्कलकोट रोडच्या मागाच्या पत्र्याच्या शेडमधे मे महिन्यात दुपारी अडीचला कॉम्प्युटर बंद पडत असेल तर आधी पंख्यातली कापसाची धूळ झाडायला सांगा, रॅम नंतर बघू.