पिवळ्या पाटीच्या गाडीला कारचा हिशोब लावू नका: विम्यातल्या या चुका टाळा

"भाऊ, बायकोच्या कारचा थर्ड पार्टी साडेतीन हजारात होतो. माझ्या छोट्या हत्तीलाच सोळा हजार कशाला?" कांद्याचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे विम्याच्या रिन्युअलला आलेला एक तरी पिकअपवाला हे विचारतोच. त्याच्या आवाजात थोडा संशय असतो, की एजंट मधले पैसे खातोय.

खात नाही. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस चालत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये आहेत. भाड्याने माल वाहणाऱ्या, साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकीला १६,०४९. जीएसटी वेगळा. कार दिवसभर ऑफिसखाली उभी असते. हत्ती पहाटे लासलगावला आणि रात्री वाशीला. जितका रस्त्यावर, तितका धोका, आणि तितका हप्ता. म्हणून "अर्ध्यात करून देतो" म्हणणारा कुणी भेटला, तर पॉलिसीवर गाडीचा वर्ग काय टाकलाय ते आधी बघा. एकतर वर्ग चुकवलेला असतो, नाहीतर कागदच खोटा असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र उलट बाजूने होते. गाडी पांढऱ्या पाटीची, विमा खासगी, आणि सुट्टीच्या दिवशी शिर्डी-त्र्यंबकचं भाडं मारायचं. विम्याला गाडीचा आकार दिसत नाही, तिचं काम दिसतं. तीच एर्टिगा पांढऱ्या पाटीवर घरची असते, पिवळ्या पाटीवर धंद्याची. खासगी पॉलिसीत 'वापरावरील मर्यादा' असा एक परिच्छेद असतो आणि त्यात भाड्याने वापर स्पष्ट वगळलेला असतो. अपघातानंतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आधी विचारतो, गाडीत कोण होतं, कुठे निघाले होते. मागच्या सीटवरच्या चौघांना मालकाचं आडनावसुद्धा सांगता आलं नाही, की पुढचं त्याला कळतं. अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाने जखमींना कंपनीकडून पैसे देववले, तरी ते मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला मिळू शकते. गोव्यात ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी 'रेंट'वर घेता, तेव्हाही हेच लागू. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. इलेक्ट्रिक गाड्यांत पाटी दोन्हींची हिरवीच, फरक अक्षरांचा: खासगीची पांढरी, धंद्याच्या गाडीची पिवळी.

आता ज्यावरून माझ्याकडे सर्वांत जास्त भांडणं होतात ते सांगतो. एका पिकअपवाल्याने कसारा घाटात पुढच्या ट्रॉलीला ठोकलं. बंपर, दोन्ही हेडलाइट, डावा मडगार्ड आणि रंगकाम. "फुल इन्शुरन्स आहे ना?" म्हणत तो गॅरेजचं बिल घेऊन आला. सर्व्हेअरने पेन काढलं आणि नेमक्या याच चार ओळींवर काट मारली. उरलं काय, तर रेडिएटर आणि थोडी मजुरी. कारच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, हे भाग घसारा (जुनेपणाची कपात) वजा जाता मिळतात. व्यावसायिक गाडीच्या साध्या पॅकेजमध्ये दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंग हे, गाडी पूर्ण निकामी झाली नसेल तर, वगळलेले असतात. ते हवे असतील तर 'आयएमटी २३' (इंडिया मोटर टॅरिफमधलं) हे कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयएमटीच्या आकड्यांची एक बारीक रांग असते. त्यात २३ शोधा. नसेल तर रिन्युअलच्या वेळीच मागा, ठोकल्यावर नव्हे.

दुसरी सवय लग्नसराईतली. टेम्पोत मागे वऱ्हाड भरायचं, नाहीतर जत्रेला सगळी आळी. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसला, तर त्याला कायद्याने संरक्षण आहे. वऱ्हाडाला नाही. फुकट नेलेल्या अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलंय. ड्रायव्हरशिवाय क्लीनर आणि हमाल नेहमी बरोबर असतील, तर किती माणसांचं कव्हर घेतलंय तेही तपासा.

परमिट आणि पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) ही कारवाल्याला माहीतच नसलेली डोकेदुखी. धंद्याच्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. परमिट लागणारी गाडी परमिटशिवाय रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग धरला जातो. लायसन्सची भीती मात्र आता बाळगू नका. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

आणखी एक. नवीन कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा मिळतो, म्हणून मालक निवांत असतो. धंद्याच्या गाडीला तो दरवर्षी. कारवरून पिकअपवर आलेले इथेच तारीख विसरतात. कारचा नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पिकअपला लागत नाही, कारण वर्ग वेगळा.

क्लेम नाकारलाच, तर फोनवरचं "होणार नाही" ऐकून गप्प बसू नका. कारण लेखी मागा. खासगी गाडी भाड्याने दिलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पूर्ण नकार मान्य केला नव्हता, 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने काही रक्कम द्यायला लावली होती. ओव्हरलोडसारख्या भंगातही या पद्धतीने ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या नाशिककरांसाठी ते पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते, म्हणून ते पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही ठेवा, तारखेचा शिक्का त्यावरच असतो.