तुर्भे येईपर्यंत लंडन

माझ्या बुद्धिबळाच्या पहिल्या रॅपिड स्पर्धेत समोर बसलेल्या मुलाचे पाय खुर्चीवरून खाली टेकतही नव्हते. ठाण्यातल्या एका शाळेचा हॉल, खडखडणारे पंखे, बाहेर जिन्यात डबे घेऊन बसलेले आईबाबा. १५ मिनिटांचा डाव, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव. मी ३९ वर्षांची, तो फार तर नऊ. "ऑल द बेस्ट काकू," म्हणाला आणि त्याने माझं घड्याळ सुरू केलं.

पांढरी माझ्याकडे होती, आठवडाभर घोकलेल्या चाली मी धडाधड खेळत गेले. (पटाच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८; डी४ म्हणजे डी पट्टीतलं चौथं घर. सोंगटीचं नाव नसेल तर प्यादं समजायचं.) डी४, त्याचं डी५. माझा उंट एफ४ला. त्याने सी५ केलं, मी ई३. त्याचा घोडा सी६ला, माझं सी३. मग त्याने वजीर बी६ला आणला. हेही येत होतं मला, म्हणजे व्हिडिओत होतं: आपला वजीर बी३ला ठेवायचा. त्याने सीचं प्यादं सी४ला ढकलून माझ्या वजिराला हुसकलं, मी वजीर सी२ला घेतला. आणि त्याने उंट उचलून एफ५वर ठेवला. थेट माझ्या वजिरासमोर, कुणाचाही आधार नसलेला. एवढंसं पोर, चुकलं असेल, असं मनात येऊन मला जरा वाईटसुद्धा वाटलं. मी उंट खाल्ला.

त्याने वजिराने बी२चं प्यादं उचललं आणि पाण्याची बाटली उघडून प्यायला लागला. आता ए१च्या कोपऱ्यातल्या माझ्या हत्तीला हलायला जागाच नव्हती. सी२वरचा माझा वजीर बी२ राखत होता, उंटाच्या मोहाने तोच तिथून निघून गेला होता. हत्ती गेला, पाठोपाठ बी१च्या घोड्यावर संकट आलं. पुढच्या दहाएक चाली मी निव्वळ लाजेखातर खेळले.

मी खेळले त्या ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या मांडणीचं, नाव लंडन सिस्टिम. ती शिकायला सोपी, समोरचा काहीही खेळो आपण आपल्याच चाली खेळायच्या, असं जो तो सांगतो. पहिलं खरं आहे. दुसऱ्याची किंमत मी त्या दिवशी एक हत्ती देऊन मोजली. मोठं झाल्यावर पटावर बसणाऱ्यांना ते नऊ वर्षांचं पोर भेटण्याआधी काही गोष्टी कळाव्यात, एवढ्यासाठी हे लिहितेय.

आधी माझी परिस्थिती, कारण ओपनिंग निवडताना ती बघावीच लागते. मी राहते ठाण्यात, चरईत. नोकरी तुर्भ्याला, एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेब. मुलाला नौपाड्यात बुद्धिबळाच्या क्लासला सोडायचं आणि तासभर बाहेर बाकड्यावर बसायचं, यात माझं बुद्धिबळ सुरू झालं. दिवसाला मिळतो तो ट्रान्स-हार्बर लोकलमधला पाऊणएक तास, जाऊन-येऊन. एवढ्या वेळात सिसिलियनसारख्या पसरट ओपनिंगच्या फांद्या कोण पाठ करणार? म्हणून लंडन.

मांडणी अशी. डी४, मग काळ्या घरांवरचा उंट एफ४ला, मग ई३. हा क्रम महत्त्वाचा. ई३ आधी केलंत तर तो उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडला जातो. (कोले म्हणून दुसरी सिस्टिम आहे, तिच्यात तो मुद्दाम आत ठेवतात. तो वेगळा संसार.) सी३-डी४-ई३ असा प्याद्यांचा त्रिकोण, घोडे एफ३ आणि डी२ला, दुसरा उंट डी३ला, जमल्यास एच३, मग कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजाला हत्तीच्या आड नेणं. १९२२ सालच्या लंडनच्या स्पर्धेत ही मांडणी खेळली गेली, म्हणून नाव लंडन. ती स्पर्धा जिंकली कापाब्लांकाने.

हे सगळं एका रविवारी दुपारी येतं. व्हिडिओ बहुधा इथेच संपतात. पोरं इथून पुढे सुरू करतात.

हरून आल्यावर मी मुलाच्या सरांना डाव दाखवला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्याकडून फी घेत नाहीत, चहा घेतात. त्यांनी पट मागे नेला आणि वजीर सी२वर असताना थांबवला. "ताई, त्याचा उंट एफ५ला आला. तुम्ही काय विचार केलात?"

"फुकट आहे म्हटलं."

"फुकट कोण देतं हो? तुमच्या मार्केटात कुणी वेलची फुकट दिली तर तुम्ही पहिलं काय बघाल?"

उत्तर होतं वजीर सी१. मागे, आपल्याच राजाच्या बाजूला एक घर सोडून. दिसायला अगदी नामुष्कीची चाल, पण बरोबर. बी२ राखलेलं राहतं. शिवाय काळ्याने सी४ खेळून डी४वरचा दाब स्वतःच काढून घेतलेला असतो. पुढे सवडीने बी३ करून त्या सी४च्या प्याद्याला टोचता येतं, किंवा तयारी करून ई४ फोडता येतं. हे 'पुढे काय' समजलं की सी१ची चाल पाठ करावी लागत नाही.

सरांनी मला एकच नियम घालून दिला: समोरच्याची चाल झाली की तिने काय बदललं ते तोंडाने बोलायचं, मगच हात उचलायचा. स्पर्धेत मनातल्या मनात, सराव करताना मोठ्याने. मी लोकलमध्ये फोनवर डाव बघत पुटपुटायला लागले, "बी२वर नजर... सी५ने डी४वर दाब... घोडा एच५ला येऊ शकतो..." घणसोलीला शेजारच्या आजी म्हणाल्या, "रामरक्षा का गं? छान हो." मी मान डोलावली.

आता ज्या ठिकाणी नवे लोक अडकतात ती ठिकाणं. सगळी नाही सांगत, मी जिथे मार खाल्ला तेवढी.

एफ४चा उंट हा तुमचा लाडका, आणि समोरच्याला ते माहीत असतं. घोडा एच५ला आणून तो या उंटाच्या मागे लागतो. एच३ केलेलं असेल तर उंट एच२ला पळतो आणि तिथून तीच कर्णरेषा धरून बसतो. पण म्हणून दर डावात सहाव्या चालीला डोळे मिटून एच३ करू नका. घोडा एच५ला येण्याच्या बेतात नसेल तर ती एक चाल वाया. दुसरा प्रकार, काळा आपला उंट डी६ला आणून समोरासमोर उभा करतो. मी आधी घाबरून लगेच मारामारी, म्हणजे उंटाला उंट, करायचे. आता उंट जी३ला घेते आणि म्हणते, खा. खाल्लास तर मी एचच्या प्याद्याने परत खाणार, आणि एच१च्या हत्तीला अख्खी उभी पट्टी मोकळी. मात्र तोवर कॅसलिंग केलेलं नसावं, नाहीतर हत्ती तिथे असतोच कुठे! कॅसलिंग लवकर करा हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात, त्यामुळे ते लांबवायला मला जड जायचं. अजूनही जातं.

डी३चा उंट एच७कडे बघतो. तिथे उंट बळी देऊन शह, मग घोडा जी५, मग वजीर एच५, हा हल्ला सगळे आधी शिकतात आणि सगळे चुकीच्या वेळी करतात. काळ्याचा घोडा एफ६ला बसलेला असेल तर एच७ राखलेलं असतं, एवढं तरी बघा. मी दोनदा बघितलं नाही. त्यापेक्षा टिकाऊ योजना म्हणजे घोडा ई५ला रोवायचा. डी४चं प्यादं आणि उंट दोघं त्याला धरून असतात. उंट जी३ किंवा एच२ला गेला की एफ४ करून तिसरा आधार.

तेव्हाच्या जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने २०१६ साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेत तोमाशेव्हस्कीला याच ओपनिंगने हरवलं, तो डाव जरूर बघा. काळ्याने घोडा जी६ला आणला आणि कार्लसनने डी३चा तो एच७कडे बघणारा उंट देऊन घोडा घेतला. मग काळ्या घरांवरचे उंटही मारामारीत गेले, घोडा ई५ला बसला आणि एफ४ आलं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, अरे, व्हिडिओत तर म्हणाले होते हा उंट जपा! मांडणी जपायची नसते, त्या डावात मिळणारं घर जपायचं असतं, हे मला त्या एका मारामारीने शिकवलं.

दुसरा डाव २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला, अस्ताना, सहावा डाव. डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्ध लंडन खेळून थेट राजावर जाळं टाकलं. काळ्याने सी५चं प्यादं डी४ला मारलं आणि पांढऱ्याने ईच्या प्याद्याने परत घेतलं, तर पुढचा डाव कसा चालतो हे त्यात नीट दिसतं. पांढऱ्याला ईची पट्टी आणि ई५चं घर, काळ्याला सीची पट्टी. लंडन म्हणजे कंटाळवाणं, म्हाताऱ्यांचं ओपनिंग, असं ऐकवणाऱ्यांना मी हा डाव पाठवते.

आणि जी६. काळा राजाच्या बाजूला जी६, उंट जी७ अशी किंग्ज इंडियन मांडणी करतो तेव्हा डी३चा उंट भिंतीकडे तोंड करून बसतो. तिथे तो ई२ला बरा, आणि सी३ऐवजी कधी सी४ करून वजिराच्या बाजूला जागा घ्यावी. इथे मी अजून कच्ची आहे, म्हणून फार बोलत नाही.

हिशेबाची सवय असल्याने मी एक गोष्ट केली, ती मात्र छातीठोकपणे सांगते. ऑफिसातून एक कोरी खतावणी आणली. प्रत्येक हरलेला डाव एका ओळीत: कितव्या चालीला बिघडलं आणि कशामुळे. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर डाव तपासायला पैसे पडत नाहीत, पण संगणकाचं उत्तर बघण्याआधी आपलं कारण पेनाने लिहायचं. ६३ हार झाल्यावर बेरीज मारली. ओपनिंगमुळे बिघडलेले ९. उरलेल्यांत बहुतेक सोंगटी तशीच मारात ठेवलेली, नाहीतर घड्याळ. एन्डगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावर, हत्ती-प्याद्यांच्या बरोबरीच्या डावातून हरलेले ७. म्हणजे ज्या ओपनिंगवर मी निम्मा वेळ घालवत होते त्याने माझं नुकसान सातव्या हिश्शाचंच केलं होतं! त्यानंतर गाडीतला वेळ असा वाटला: सकाळी जाताना कोडी, संध्याकाळी येताना एक जुना डाव. लंडनचं नवीन काही बघायचं ते फक्त त्यात मार खाल्ला असेल त्या दिवशी.

माझा मुलगा पहिली चाल ई४ खेळतो आणि मी त्याला लंडन शिकवत नाही. त्याच्यापुढे वर्षं आहेत, उघडे डाव, गँबिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला), मारामाऱ्या सगळं अंगावर घेऊ दे. दहा वर्षांच्या मुलांना दर डावात एकच त्रिकोण मांडायला लावणारे क्लासेस मला पटत नाहीत. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकला त्यानंतर आमच्या क्लासला अचानक चार मुली आल्या. त्यातली एक किंग्ज गँबिट खेळते आणि दर रविवारी हरते. ती पुढे जाणार, लिहून ठेवा.

स्पर्धेचं थोडक्यात. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना, तिच्या रेटिंगसाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि पहिल्या स्पर्धेत निदान अर्धा गुण लागतो. २०२४पासून यादी १४०० पासून सुरू होते, त्यामुळे रेटिंग मिळणं आता पूर्वीपेक्षा अवघड. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. फोन वाजला की डाव गेला. मोठ्यांना वेगळा गट क्वचित असतो, नऊ फेऱ्यांत सहा-सात वेळा समोर शाळकरी मुलंच येतात, याची मनाची तयारी ठेवा. आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची फेरी सांभाळा. मिसळ खाऊन मी तिथे कायम ढेपाळते.

पहिल्या स्पर्धेत माझे नऊपैकी दोन गुण झाले होते. गेल्या महिन्यात साडेचार. काळ्याकडून मी काय खेळते ते विचारू नका.

मुलाशी आता लिचेसवर एक लांबलेला डाव चालू आहे, दिवसाला एक-दोन चाली. मला काय आवडत नाही हे त्याला बरोब्बर ठाऊक, म्हणून तो मुद्दाम जी६ खेळलाय. काल ऐरोलीला उंट ई२ला ठेवला. आज कोपरखैरण्याला सी४ करून टाकलं आणि त्याने मधल्या सुट्टीत सरांच्या नजरेआड घोडा ई४ला आणला असणार, असा विचार करत बसले, तोवर तुर्भे आलं.