बैठकीला सगळे हजर, तरी अंधारात सगळे वेगळे: ऊर्जा कार्यक्रमांच्या समन्वयातल्या या चुका टाळा

फेब्रुवारी २०२१. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली, यंत्रं गोठली आणि वीज कमी पडू लागली. ग्रीड सांभाळणाऱ्यांनी लोडशेडिंगचे आदेश दिले, वितरण कंपन्यांनी फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, बंद केले. त्यातल्या काही फीडरवर नैसर्गिक वायू काढणारी आणि वाहून नेणारी केंद्रंही होती. वीज गेल्यावर ती थांबली. त्यांच्या वायूवर चालणारी वीजकेंद्रं मग आणखी मंदावली आणि तुटवडा वाढला. ग्रीड पूर्ण कोसळायला जेमतेम साडेचार मिनिटं उरली होती. राज्यानं अधिकृतपणे मोजलेले मृत्यू २४६.

चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक वाचून आमच्यासारख्या समन्वयाचं काम करणाऱ्यांना घाम फुटावा. 'यांची वीज कापू नये' अशा ग्राहकांच्या यादीत बहुतेक वायुकेंद्रांचं नावच नव्हतं. नाव घालायला फक्त एक अर्ज भरायचा होता. कित्येकांना असा अर्ज असतो हेच ठाऊक नव्हतं आणि त्यांना तो भरायला सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं.

स्टेकहोल्डरना सरकारी कागदात 'भागधारक' किंवा 'संबंधित घटक' म्हणतात. त्यांच्याशी समन्वय म्हणजे बैठका घेणं, असा समज पक्का झालेला आहे. माझ्या मते खरं काम एकच आहे: कोण कुणावर अवलंबून आहे हे वीज जाण्याआधी शोधणं. पुढच्या चुका याच चष्म्यातून वाचा.

चूक: निमंत्रितांची यादी हुद्द्यांवरून करणं

मागच्या बैठकीची यादी काढायची, बदली झालेल्यांची नावं बदलायची आणि पत्रं पाठवायची. यातून सभागृह भरतं, पण वायुकेंद्रं सुटतात.

यादी दोन प्रश्नांवरून करा. वीज गेली की कोण थांबतं? आणि कोण थांबलं की वीज थांबते? पहिल्या प्रश्नाला रुग्णालयं, पाणीपुरवठा, मोबाइल टॉवर, शीतगृहं अशी उत्तरं लगेच येतात. थोडं थांबलात तर घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेले रुग्ण आठवतात. ते बैठकीला येणार नाहीत, म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलवा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र खोलीत शांतता पसरते. इंधन वाहतूकदार, सुटे भाग पुरवणारे, सबस्टेशनला पाणी आणि इंटरनेट देणारे, झाड पडल्यावर रस्ता मोकळा करणारे अशी उत्तरं हळूहळू येतात. ती फळ्यावर लिहा. त्यातल्या ज्यांना कधीच पत्र गेलेलं नाही, त्यांना आधी फोन करा.

चूक: प्रत्येकाला वेगवेगळं विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मी स्वतः ती केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वीज गेल्याचा प्रसंग कल्पून घ्यायच्या एका रंगीत तालमीच्या आधी मी सगळ्यांना एक फॉर्म पाठवला होता: 'वीज गेल्यास तुमची पर्यायी व्यवस्था काय?' उत्तरं देखणी आली. रुग्णालयाकडे जनरेटर आणि ८ तासांचं डिझेल, पुढचं डिझेल करारानं येणार. पाणीपुरवठ्याचंही तसंच. दूरसंचार कंपनीच्या टॉवरला ४ तासांची बॅटरी, मग जनरेटर, मग करार. मी तीन फॉर्म तीन फायलींत लावले आणि तिन्हींवर 'व्यवस्था आहे' अशी नोंद केली.

तालमीच्या दिवशी तिघं एकाच टेबलाला बसले. सहाव्या तासाचा प्रसंग वाचून दाखवल्यावर रुग्णालयाच्या प्रतिनिधीनं डिझेल पुरवठादाराचं नाव घेतलं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं मान वर केली. त्यांचा पुरवठादारही तोच होता, दूरसंचारवाल्यांचाही तोच. त्याला तिथूनच फोन लावला. त्याच्याकडे टँकर दोन. पहिला कुणाकडे धाडायचा, असं विचारल्यावर तो म्हणाला, "जो आधी फोन करेल त्याच्याकडे." आणि टाकीतून टँकर भरायचा पंप कशावर चालतो? विजेवर.

तिन्ही फॉर्ममधली माहिती खरी होती. फक्त ती एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचलीच नव्हती, आणि ते काम माझं होतं.

आता मी फॉर्ममध्ये 'व्यवस्था आहे का' असं विचारतच नाही. किती तास पुरेल, त्यानंतर कोण आणून देणार आणि त्याला ते आणायला काय लागतं, एवढंच विचारतो. सगळी उत्तरं एकाच तक्त्यात भरतो. एकच नाव दोनदा दिसलं की त्या दोघांना आणि पुरवठादाराला एकत्र बसवतो. इंधन दारात पोचल्यावर यंत्रापर्यंत कसं जातं, हेही विचारावं लागतं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर १३ व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात होते आणि तिथे पाणी शिरलं. कर्मचाऱ्यांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन वर नेलं.

चूक: तांत्रिक माणसाला घरी ठेवून जनसंपर्कवाल्याला बोलावणं

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळानं पारेषण मनोरे पाडले, थोड्या वेळात व्होल्टेज अनेकदा खाली आलं आणि काही पवनऊर्जा केंद्रांनी उत्पादन एकदम कमी केलं. इतके धक्के बसले की मागे हटायचं, अशी त्यांच्या नियंत्रण प्रणालीत मर्यादा घातलेली होती. ग्रीड चालवणाऱ्या संस्थेला तिची कल्पनाच नव्हती. जवळपास साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला ग्रीडची फ्रिक्वेन्सी, जी ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी, ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली. सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली आणि ४५ मिनिटांच्या आत परतही आली. रेल्वेचे हाल मात्र रात्री उशिरापर्यंत चालले. एका प्रकारच्या गाड्या फ्रिक्वेन्सी घसरल्यावर बंद पडल्या आणि त्यातल्या कित्येक तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन पोचेपर्यंत हलल्या नाहीत.

दोन्हीकडे हवी ती माहिती कुणा ना कुणा अभियंत्याला असणार. म्हणून निमंत्रण पत्रातच लिहा: 'यंत्रणेच्या सेटिंगची माहिती असलेली व्यक्ती पाठवावी.' आणि तिला दोनच गोष्टी विचारा. तुमची यंत्रणा कशानं बंद पडते? वीज आल्यावर ती आपोआप सुरू होते की कुणाला तिथे जावं लागतं?

चूक: मसुदा तयार झाल्यावर हरकती-सूचना मागवणं

यावर फार लिहायची गरज नाही. कोणता फीडर आधी सुरू करायचा याचा क्रम छापून झाल्यावर मत विचारलं, तर लोक फक्त आपला नंबर वर सरकवायला भांडतात. क्रम लावायचे निकष आधी ठरवा, नावं नंतर घाला. भांडण तरीही होईल, पण निदान मुद्द्यावर होईल.

चूक: 'माहिती गोपनीय आहे' हे उत्तर घेऊन परत येणं

कच्चे दुवे कुणी सहजी सांगत नाही, आणि त्यात गैर काही नाही. ती यादी चुकीच्या हातात पडली तर घातपाताची सोय होते. पण आपणही कधी कधी नको तेवढं मागतो. नकाशे आणि आराखडे कशाला हवेत? बहुतेक वेळा किती तास तग धरता येईल आणि कुणावर अवलंबून आहात, एवढ्यानं काम भागतं. माहिती कुठे राहील, कोण बघेल, कधी नष्ट होईल, हे आधी एका पानावर लिहून द्या. माहितीच्या खुलेपणाचा कायदा असेल, तर यातलं काय उघड करावं लागेल हे विधी अधिकाऱ्याकडून आधीच समजून घ्या. समोरच्या कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

चूक: संपर्क योजना फोनवर उभी करणं

वीज नसताना वापरायची योजना व्हॉट्सअ‍ॅप गटात ठेवलेली मी पाहिली आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्यावर मोबाइल नेटवर्कही ढासळलं आणि लोक सेलवर चालणाऱ्या रेडिओभोवती जमले. तेव्हा नंबर छापून ठेवा, बिनतारी संच कुणाकडे आहेत ते लिहा. आणि काहीच लागत नसेल तर दर किती तासांनी कुठल्या खोलीत भेटायचं, हे ठरवून ठेवा.

गाडं आधीच अडलं असेल तर

दर वेळी नवा, निर्णयाचा अधिकार नसलेला माणूस येतो आणि 'साहेबांना कळवतो' म्हणून जातो? त्याच्यावर चिडून काही होत नाही. बैठकीआधी आठवडाभर 'या दिवशी हे दोन निर्णय घ्यायचे आहेत' असं कळवा आणि इतिवृत्तात कुणाचा निर्णय बाकी आहे ते नावानिशी, तारखेसह लिहा. दुसऱ्या इतिवृत्तानंतर साहेब स्वतः येतात.

उपस्थिती घटत असेल तर बैठका कमी करा. ज्या बैठकीतून एकही नोंद बदलत नाही ती ई-मेलवर उरकता येते.

दोन विभाग 'हे आमचं नाही' म्हणत असतील, तर तो मुद्दा मोठ्या बैठकीत ठेवू नका. सगळ्यांसमोर कुणीही माघार घेत नाही. दोघांना वेगळं बसवा, प्रसंग वाचा आणि 'दहाव्या तासाला फोन कुणाला येतो' एवढंच विचारा. फोन ज्याला येतो त्याचं काम. पैसे कुणाच्या खात्यातून जातात, हा वाद नंतरही घालता येतो.

आणि एकदा भरलेला तक्ता खरा समजू नका. त्या डिझेलच्या तालमीनंतर आम्ही पुरवठादाराशी टँकरचा क्रम ठरवला, त्याच्या पंपाला जनरेटर जोडून घेतला आणि छापील यादी सगळ्यांना वाटली. सहा महिन्यांनी फेरतालीम घेतली. सहाव्या तासाला रुग्णालयाच्या प्रतिनिधीनं यादी उघडून नंबर फिरवला. तो लागेना. पुरवठादारानं मधल्या काळात नंबर बदलला होता आणि कळवायचं कुणाला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.