मुलाची लघवी काळसर झाल्यास पहिल्या दोन दिवसांत काय करावे

घसादुखीनंतर एक-दोन आठवड्यांनी, किंवा अंगावरचे फोड बरे झाल्यावर काही आठवड्यांनी, मुलाची लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, सकाळी पापण्या सुजू लागल्या आणि लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बहुतेक मुलांमध्ये हा मूत्रपिंडदाह बरा होतो. परंतु थोड्या मुलांची मूत्रपिंडे काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकामी होत जातात, आणि सुरुवातीला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. फेफरे, तीव्र डोकेदुखी किंवा धाप असल्यास १०८ ला फोन करावा.

रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरावा. लघवीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तसेच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करत नसल्यास रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ), पोटॅशियम आणि सी-३ (या आजारात बहुधा कमी होणारे रक्तातील प्रथिन) या तपासण्या कराव्यात. येथे एक फसगत होते, ती पालकांनी नीट समजून घ्यावी: पाच-सहा वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन साधारणतः ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, त्यामुळे १.२ हा आकडा मोठ्यांच्या मर्यादेत बसत असला, तरी त्या मुलासाठी तो मूत्रपिंडांचे काम निम्म्याहून कमी झाल्याची खूण असू शकतो. त्याहून महत्त्वाचा असतो वेग. म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा करून आकडा किती चढला ते पाहावे.

घरी मापाच्या भांड्यात चोवीस तासांची लघवी मोजावी. वीस किलोच्या मुलाला २४० मिलीपेक्षा कमी होत असेल, तर तातडीने दाखल करावे. लघवी साफ व्हावी म्हणून आजी मायेने नारळपाणी देते, पण लघवी कमी असताना त्यातील पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि काढेही देऊ नयेत.

बडोदा परिसरात राहणाऱ्यांसाठी सयाजी रुग्णालय आहे. मूत्रपिंडतज्ज्ञांची गरज वाढल्यास अहमदाबादची शासकीय मूत्रपिंड संस्था आहे. मात्र निघण्यापूर्वी मुलांचे डायलिसिस उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांकडून फोनवर विचारून घ्यावे. क्रिएटिनिन झपाट्याने चढत असेल, तर बायोप्सीला (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याला) नकार देऊ नये, कारण ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), रक्तवाहिन्यांचा दाह की जंतुसंसर्गानंतरचा आजार, हे बहुधा त्यातूनच ठरते. झपाट्याने वाढणाऱ्या मूत्रपिंडदाहाचा संशय दाट असल्यास शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करण्यासाठी अहवालाची वाट पाहिली जात नाही.

घरी परतल्यावरही रक्तदाब व लघवीची तपासणी चालू ठेवावी, आणि सी-३ दोन-तीन महिन्यांत पूर्ववत न झाल्यास मूत्रपिंडतज्ज्ञांना पुन्हा दाखवावे.